आकड्यांची पाठचिकित्सा

पाठभेद पाहिल्याखेरीज जुन्या ओवीचा अर्थ लावू नये, असे विद्यार्थ्यांना बजावणारे आम्ही साहित्याचे अध्यापक शासकीय अहवालातील आकड्यापुढे निमूटपणे मान डोलावतो. वस्तुतः आकड्यालाही पाठभेद असतात.

अखिल भारतीय उच्चशिक्षण सर्वेक्षण २०१०-११ पासून सुरू झाले. त्याच्या २०१९-२० च्या अहवालात उच्चशिक्षणातील ढोबळ पटनोंदणी प्रमाण २७.१ टक्के आहे, तर २०२०-२१ च्या अहवालात २७.३. हे दोन अहवाल शेजारी ठेवणारा अभ्यासक म्हणेल, की महासाथीच्या वर्षी उच्चशिक्षण जागच्या जागी राहिले. परंतु दुसऱ्या अहवालात आधीच्या वर्षाचा आकडा २५.६ असा दिला आहे. तो धरला तर वाढ १.७ अंकांची ठरते! पटावरचे विद्यार्थी तेच होते, बदलला तो छेद. १८ ते २३ वयोगटाची लोकसंख्या पूर्वी २००१ च्या जनगणनेवरून अंदाजली जाई. पुढे २०११ ची जनगणना आधाराला घेतली आणि ती संख्या अधिक भरली. २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झालीच नाही, हेही येथे ध्यानात ठेवणे अगत्याचे.

अंशाची गंमत वेगळीच. त्यात वयाची अट नाही. मुक्त विद्यापीठातून चाळिशीत पदवी घेणारी गृहिणी अंशात मोजली जाते, छेदात ती नसते.

हे सर्वेक्षण महाविद्यालयांनी भरून दिलेल्या माहितीवर चालते. जो प्रवेशालाच आला नाही, त्याच्याविषयी ते काय सांगणार? त्यासाठी राष्ट्रीय नमुना पाहणीकडे जावे लागते. महालनोबिस यांच्या प्रेरणेने १९५० साली ती सुरू झाली. तिच्या पहिल्या फेरीच्या कामात पुण्याच्या गोखले संस्थेचाही वाटा होता, याची आठवण आपल्याकडे क्वचितच काढली जाते. ही पाहणी घरोघरी जाऊन विचारते. २०१७-१८ च्या ७५ व्या फेरीत शिक्षणावरचा खर्च, खाजगी शिकवण्या, शिक्षण सोडण्याची कारणे असे सारे प्रश्न होते. मुलींच्या गळतीवर लिहिणाऱ्याने आमच्या मते प्रथम हीच फेरी उघडावी. एखाद्या जिल्ह्यापुरते लिहायचे असेल, तर तिचा नमुना बहुधा तोकडा पडतो आणि पुन्हा महाविद्यालयांच्या पटाकडेच वळावे लागते.