शिक्षकाची सनद : न भरलेल्या वर्गणीचा इतिहास

नागपूरच्या जिल्हा न्यायालयात काळा कोट घालून उभा राहणारा वकील बार कौन्सिलच्या नोंदवहीत असतो. मेयो किंवा मेडिकलमधून शिकून बाहेर पडलेला डॉक्टर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या नोंदवहीत असतो. या परिषदांवर कायद्याने व्यवसायबंधूंनी निवडून दिलेले सभासद बसतात. नोंदणीचे पैसे भरायचे, त्यावर कुरकुर करायची आणि पुढच्या निवडणुकीत कुरकुरीचा हिशेब चुकता करायचा, अशी ही रीत आहे. शिक्षकाचे नाव याहून अधिक ठिकाणी असते. शाळेच्या मस्टरवर असते, सेवापुस्तिकेत असते, शिक्षणाधिकाऱ्यांच्या वैयक्तिक मान्यतेच्या आदेशात असते, शालार्थ प्रणालीत असते. माध्यमिक शाळेतला असेल तर विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघाच्या यादीतही असते. एवढ्या याद्यांतली एकही शिक्षकांच्या हातची नाही, आणि तिच्यासाठी त्याने कधी वार्षिक वर्गणी भरलेली नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, असे मला वाटते.

मध्य प्रांत आणि वऱ्हाडात शिक्षक तयार होई तो नॉर्मल स्कूलमध्ये. माध्यमिक शाळेत शिकवायचे असेल तर जबलपूरच्या ट्रेनिंग कॉलेजची वाट धरावी लागे. प्रमाणपत्र सरकार देई, तपासणीला इन्स्पेक्टर सरकारचाच येई आणि अनुदानाची दोरीही त्याच खात्याच्या हाती. शिक्षक म्हणून कोण पात्र, हे ठरवण्यात शिक्षकाला स्थान नव्हते. ते असावे, असेही फारसे कुणाला वाटत नव्हते. गुरुजींना मान होता. अधिकार ही वेगळी चीज.

शिक्षकाकडून फी न घेताही किती वसूल करता येते, याचा नमुना याच प्रांतात १९३८ साली दिसला. तेव्हाचे शिक्षणमंत्री पंडित रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना मांडली. गावाने वा दात्याने जमीन द्यायची, तिच्या उत्पन्नावर शाळा चालायची आणि गुरुजींना महिना १५ रुपये मिळायचे. एप्रिल १९३८ मध्ये वर्ध्याला विद्यामंदिर प्रशिक्षण शाळा सुरू झाली, ती गांधीजींच्या उपस्थितीत. त्याच वर्ध्यात आदल्या ऑक्टोबरात भरलेल्या शिक्षण परिषदेतून झाकीर हुसेन समिती निघाली होती. तिने शिक्षकाचा पगार शक्यतो २५ रुपये असावा आणि कोणत्याही परिस्थितीत २० पेक्षा कमी नसावा, असे म्हटले होते. म्हणजे एकाच गावात दोन आकडे सांगितले गेले आणि अमलात आला तो लहान. या योजनेवर वाद झाला तो मुख्यतः तिच्या नावावरून. मुस्लिम लीगने ‘मंदिर’ या शब्दाला हरकत घेतली. पंधरा रुपयांवरून तेवढे वादळ उठले नाही. वीस आणि पंधरा यांतले पाच रुपये शिक्षकाने दरमहा भरलेली वर्गणीच होती; पावती तेवढी मिळाली नाही.

पुढे १९४८ मध्ये जनपद सभा आल्या, १९५६ मध्ये विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. मालक बदलत गेले, सेवापुस्तिका एका कपाटातून दुसऱ्यात गेली. खासगी शाळांतल्या शिक्षकाला संस्थाचालकाच्या लहरीपासून कायदेशीर संरक्षण मिळायला १९७७ चा सेवाशर्ती कायदा आणि १९८१ ची नियमावली यावी लागली. ते संरक्षण मोलाचे होते, पण ते नोकरीचे होते. व्यवसायाचे नोंदपुस्तक त्यातून निर्माण झाले नाही.

ज्या काळात आपल्याकडे हे चालले होते, त्याच काळात स्कॉटलंडमध्ये नेमका नोंदपुस्तकाचाच तंटा पेटला होता. तो थोडा विस्ताराने सांगायला हवा, कारण आज नागपूरच्या शिक्षकासमोर जो प्रश्न आहे त्याची पहिली सुनावणी तिथे झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर स्कॉटलंडमध्ये शिक्षकांचा तुटवडा होता आणि वर्ग भरण्यासाठी अप्रशिक्षित माणसे नेमली जात होती. १९६१ मध्ये ग्लासगोच्या शिक्षकांनी याविरुद्ध संप केला. लॉर्ड व्हीटली यांच्या समितीने १९६३ मध्ये उपाय सुचवला: शिक्षकांची स्वतःची परिषद असावी आणि तिच्या नोंदवहीत नाव असलेल्यालाच शिकवता यावे. १९६५ मध्ये कायदा झाला. परिषदेवर निवडून आलेल्या शिक्षकांचे बहुमत होते. मागणी शिक्षकांचीच होती, तेव्हा सगळे सुखाने पार पडायला हवे होते. पण परिषदेने नोंदणीसाठी एक पौंड मागितला आणि अनेक जुन्या शिक्षकांनी तो देण्यास नकार दिला. त्यांचे म्हणणे असे, की आम्हाला सरकारने आयुष्यभरासाठी प्रमाणपत्र दिले आहे. एकदा पात्र ठरलेल्याला पुन्हा पात्रता विकत घ्यायला लावणारे तुम्ही कोण?

ॲबर्डीनचे जॉन मॅलॉक हे अशांपैकी एक. १९६९ मध्ये नगरपालिकेच्या शिक्षण समितीने नोंदणी न केलेल्या शिक्षकांना काढून टाकले. मॅलॉक यांना आपली बाजू मांडू दिली नाही. ते थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले आणि १९७१ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी जिंकले. लॉर्ड रीड आणि लॉर्ड विल्बरफोर्स यांच्या मते, सार्वजनिक संस्थेत नियमांखाली नोकरी करणाऱ्या शिक्षकाचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय त्याला काढता येत नाही. आपल्याकडच्या सेवाविषयक खटल्यांतही हा निवाडा आधाराला घेतला जातो. मात्र मॅलॉक यांना मिळाला तो ऐकून घेतले जाण्याचा हक्क. नोंदणीची सक्ती त्यामुळे बेकायदा ठरली नाही आणि एक पौंडही टळला नाही.

परिषद टिकली, आणि वर्गणी वाढत गेली. २०१७ मध्ये ती ५० पौंडांवरून ६५ वर नेली, तेव्हा पुन्हा आरडाओरड झाली. इंग्लंडने हीच कल्पना उशिरा, २००० साली उचलली. तिथे शुल्क ३६.५० पौंडांपर्यंत गेले. त्यातले ३३ पौंड सरकार बहुतेक शिक्षकांच्या पगारात मिळवून देत असे. तरीही तिथल्या शिक्षकांना ती परिषद आपली वाटली नाही. २०१२ मध्ये सरकारने ती बंद केली, तेव्हा तिच्यासाठी रडायला फारसे कुणी आले नाही. त्याच वर्षी स्कॉटलंडची परिषद सरकारपासून पूर्ण स्वतंत्र झाली. मला यात रकमेचा भाग कमी दिसतो. जास्त पैसे मागणारी परिषद जगली, बहुतेक भार सरकारने उचललेली मेली. एक शिक्षकांच्या संपातून जन्मली होती, दुसरी मंत्रालयातून.

भारतात राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद १९७३ पासून सल्लागार म्हणून होती. १९९३ च्या कायद्याने तिला अधिकार मिळाले. पण ती नोंद ठेवते ती अध्यापक महाविद्यालयांची, शिक्षकांची नव्हे. वकिलांच्या बाबतीत १९६१ च्या कायद्याने नोंदणी शुल्काची मर्यादा आखली आहे. राज्यांच्या बार कौन्सिलांनी ती हजारोंवर नेली, तेव्हा ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कायद्यातल्या आकड्यावर परत आणले. शिक्षकाच्या बाबतीत असा आकडाच कुठे लिहिलेला नाही. पैसे मात्र घेतले जातात.

ते घेतले जातात परीक्षेच्या नावाने. शिक्षण हक्क कायद्यानंतर, २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने शिक्षक पात्रता परीक्षा आली. महाराष्ट्रातली पहिली टीईटी १५ डिसेंबर २०१३ रोजी झाली. २०२१ पर्यंत खुल्या गटाला एका पेपरचे ५०० आणि दोन्हींचे ८०० रुपये पडत. २०२४ मध्ये ते १,००० आणि १,२०० झाले. मागास उमेदवारांना एका पेपरला २५० पडत, ते ७०० झाले. म्हणजे ज्याला सवलत द्यायची त्याचीच वाढ प्रमाणात सर्वांत मोठी. बार कौन्सिलने असे केले असते तर गदारोळ झाला असता. इथे दाद मागायला सभागृहच नाही. आणि निकाल बहुधा इतका कमी लागतो, की तोच उमेदवार पुनःपुन्हा अर्ज भरतो. परीक्षा होईल त्या वर्षी फी, नापास झाला तर पुढच्या खेपेला पुन्हा फी. तिला वार्षिक वर्गणी म्हणत नाहीत, एवढेच.

या पैशाच्या बदल्यात नोंद निदान खरी असावी, ही अपेक्षा फार नव्हती. डिसेंबर २०२१ मध्ये टीईटीतला गैरव्यवहार उघड झाला आणि पुढे ७,८०० हून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. २०२५ मध्ये तर प्रकरण नागपूरच्या दारातच आले. नागपूर विभागात बनावट शालार्थ आयडी तयार करून, जे शिक्षक नव्हतेच त्यांच्या नावे पगार काढल्याच्या आरोपावरून अधिकाऱ्यांना अटक झाली. ग्लासगोच्या शिक्षकांनी १९६१ मध्ये ज्यासाठी संप केला ते हेच: वर्गात अपात्र माणूस नको. फरक असा, की तिथे शिक्षकांनी नोंदवही आपल्याकडे मागून घेतली. आपल्याकडे ती अधिकाऱ्याच्या पासवर्डमध्ये राहिली.

शिक्षक गप्प बसले, असे मात्र नाही. हिवाळी अधिवेशनात नागपूरच्या रस्त्यांवर विनाअनुदानित शिक्षकांचे मोर्चे दर वर्षी दिसतात. ३० जानेवारी २०२३ च्या शिक्षक मतदारसंघाच्या निवडणुकीत विदर्भ माध्यमिक शिक्षक संघाचे सुधाकर अडबाले यांनी नागो गाणार यांचा पराभव केला, तो जुन्या पेन्शनच्या प्रश्नावर. पगार, अनुदान, पेन्शन ही मागण्यांची यादी समजण्यासारखी आहे. प्राथमिक शिक्षणसेवकाने ३,००० रुपयांवर सुरुवात केली आणि १६,००० व्हायला २०२३ उजाडले, त्या राज्यात पोटाचा प्रश्न आधी येणारच. पण संघटनांच्या मागणीपत्रकांत शिक्षकांच्या स्वतःच्या परिषदेला ठळक जागा मिळाल्याचे दिसत नाही. घटनेने विधान परिषदेत बाराव्या हिश्श्याच्या जागा शिक्षकांना दिल्या आहेत. बहुधा त्या मतदारसंघालाच आपण परिषद समजून बसलो. आणि प्राथमिक शिक्षकाला तर तिथेही मत नाही.

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या सेवेतील शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे, नाहीतर सेवा सोडावी. ज्यांची पाच वर्षेही उरलेली नाहीत त्यांना नोकरीत राहता येईल, पण पदोन्नती हवी असेल तर परीक्षा द्यावीच लागेल. वीस वर्षे शिकवलेला गुरुजी आता आपल्याच माजी विद्यार्थ्याशेजारी बाकावर बसेल. एकदा पात्र ठरलेल्याला पुन्हा पात्रता का सिद्ध करायला लावता, हा मॅलॉक यांचा सवाल त्याच्याही ओठांवर आहे. ॲबर्डीनमध्ये तो सवाल शिक्षकांनी निवडलेल्या परिषदेला तरी विचारता येत होता. इथे अर्ज भरताना एक हजार रुपये जमा होतात ते पुण्याच्या परीक्षा परिषदेकडे, आणि तिच्यावर कोणी बसावे यासाठी नागपूरच्या त्या गुरुजींकडे आजवर कुणी मत मागितलेले नाही.