चाल कुणाची, स्तवन कुणाचं?



पर्युषण जवळ आलं की प्रत्येक महिला मंडळात एक वाद हमखास निघतो. सुना-मुली मोबाइलवर ऐकलेलं नवं स्तवन बसवतात, त्याची चाल एखाद्या सिनेमाच्या गाण्याची निघते आणि मोठ्या बायका कपाळाला आठ्या घालतात. आमच्या वलगावातही तेच. एक आजी तर सरळ विचारतात, "काहून वं, देवाले सिनेमाची चाल?" मुलींचं म्हणणं असं की चाल ओळखीची असली म्हणजे सगळ्या बायका एका सुरात म्हणतात. जुन्या पदाची चाल दोघींनाच येते, बाकीच्या नुसत्या ओठ हलवतात.

दोन्ही बाजूंचं मला पटतं. म्हणून आपल्या पूर्वजांनी या प्रश्नाचं काय केलं, ते थोडं शोधून वाचलं. जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवते.

सुरुवात आगमापासून करू. उत्तराध्ययन सूत्राच्या तेराव्या अध्ययनात चित्त आणि संभूत यांची कथा आहे. त्यात चित्त मुनी ब्रह्मदत्त चक्रवर्तीला समजावताना गाण्याची गणना विलापात करतात. दागिने म्हणजे ओझं, गाणं म्हणजे रडणं, असा तो विरक्तीचा उपदेश. गाण्याला विरोध करायचा झाला तर याहून मोठा आधार मिळणार नाही.

पण टीकाकारांनी या दोघांच्या मागच्या जन्माची जी हकिकत दिली आहे, ती वाचून मी थबकले. चित्त आणि संभूत हे वाराणसीतल्या चांडाळाच्या घरचे मुलगे. गळा असा की मदनोत्सवात त्यांनी गायला सुरुवात केली आणि शहरातली माणसं आपापले खेळ सोडून त्यांच्याभोवती जमली. प्रतिष्ठितांनी राजाकडे तक्रार केली आणि दोघांना नगरबंदी झाली. पुढे एका उत्सवात ते तोंड झाकून आले. गाण्याचा मोह आवरला नाही. आवाजावरून ओळखले गेले आणि मार खाऊन बाहेर पडले. जीव द्यायला निघालेल्या त्या दोघांना एका मुनींनी थांबवलं आणि दीक्षा दिली. म्हणजे गाण्याला विलाप म्हणणारा हा साधू मुळात उत्तम गवई होता, आणि गाणाऱ्याची जात पाहून गाणं बंद करणारे लोक कसे असतात ते त्यानं सोसलं होतं. त्याचा उपदेश आसक्ती सोडण्याचा आहे. कोणाची चाल शुद्ध आणि कोणाची हलकी, असा निवाडा त्यात नाही.

आता संगीताच्या पोथ्यांकडे वळू. पार्श्वदेव या जैन आचार्यांचा 'संगीतसमयसार' हा संस्कृत ग्रंथ साधारण तेराव्या शतकातला मानतात. त्याचं वैशिष्ट्य असं की त्यात 'देशी' संगीताचा, म्हणजे त्या त्या मुलखात लोक प्रत्यक्ष गात होते त्या गाण्याचा, मोठा विचार आहे. इ. स. १३५० मध्ये सुधाकलश या जैन मुनींनी 'संगीतोपनिषत्सारोद्धार' लिहिला. संसार सोडलेली ही माणसं गाण्याचा शास्त्रोक्त अभ्यास करत बसली होती, हे आपल्या मंडळात कुणी सांगत नाही.

आणि हा 'देशी' शब्द पुढे आपल्या घरात आला. गुजरात-राजस्थानच्या श्वेतांबर कवींनी रास, चौपाई, स्तवनं लिहिली, त्यांचे भाग 'ढाळ' नावाने ओळखले जातात. ढाळीच्या डोक्यावर कवी एक ओळ टाकतो आणि पुढे लिहितो, 'ए देशी'. म्हणजे ही ढाळ या अमुक गाण्याच्या चालीवर म्हणा. ते अमुक गाणं बहुतेक वेळा धर्माचं नसायचंच. पाणवठ्यावरचं, लग्नातलं, सासरी निघालेल्या मुलीचं, परदेशी गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बाईचं, गरब्याचं, असं काही. सतराव्या शतकातले समयसुंदर हे मोठे विद्वान साधू. राजस्थान, गुजरात, सिंध असा विहार करताना कानावर पडलेल्या लोकगीतांच्या चाली त्यांनी आपल्या रचनांना लावल्या आणि कोणती चाल कुठली, तेही नोंदवून ठेवलं.

मुंबईचे वकील मोहनलाल दलीचंद देसाई यांनी विसाव्या शतकात 'जैन गुर्जर कविओ' नावाचं प्रचंड काम केलं. जुन्या हस्तलिखितांची कविवार सूची. त्याला जोडून त्यांनी या देशींचीही यादी केली, तीत हजाराहून जास्त चालींच्या ओळी आहेत. यातली कितीतरी मूळ गाणी आज कुणालाच येत नाहीत. विहिरीवरच्या बायकांनी ती वहीत लिहिली नव्हती, त्यांना लिहायला कुणी शिकवलंच नव्हतं. त्या गाण्यांची पहिली ओळ आज शिल्लक आहे ती एका साधूच्या पोथीत, तीर्थंकरांच्या स्तवनाच्या माथ्यावर.

मैत्रिणींनो, इथे माझं मत पक्कं झालं. बाजारातली, चुलीपुढची, बायकांच्या तोंडची चाल देवापुढे नेणं ही आजच्या मुलींची टूम नव्हे. ती आपली तीन-चारशे वर्षांची वहिवाट आहे. आणि त्या वहिवाटीमुळेच अनाम बायकांच्या गाण्यांची थोडी तरी आठवण जगात राहिली.

दिगंबर घरांतल्या मैत्रिणींसाठी बनारसीदासांचं उदाहरण देते. 'अर्धकथानक' हे त्यांचं १६४१ मधलं आत्मचरित्र. व्यापारात बुडून आग्र्यात हलाखीत राहत असताना ते रात्री दहा-वीस माणसांपुढे 'मधुमालती' आणि 'मिरगावती' या प्रेमकथा गाऊन वाचत, असं ते स्वतः सांगतात. दोन्ही सूफी कवींच्या रचना. ऐकायला येणाऱ्यांत एक कचोरीवाला होता, त्याच्याकडे यांची महिनोन्‌महिने उधारी चालली. ज्यांची अध्यात्मपदं आपण आज आदराने म्हणतो, त्यांचा गळा असा सगळीकडे फिरलेला होता.

आपल्या मराठीतही हेच. पंधराव्या शतकात गुणदासांनी 'श्रेणिकचरित्र' लिहिलं ते ओवीत. ओवी म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांचं जात्यावरचं गाणं. कारंजा लाडच्या भट्टारकपीठाशी नातं असलेले महतिसागर यांनी अभंग आणि आरत्या रचल्या. विठ्ठलाच्या वारीत घुमणारा छंद त्यांना जिनेंद्रांसाठी परका वाटला नाही. कारंजा आपल्या वऱ्हाडातलंच, दर्शनाला जाल तेव्हा हे आठवा.

नाटकवाल्यांनी तर लपवाछपवी केलीच नाही. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' पुण्यात रंगभूमीवर आलं. त्या काळच्या संगीत नाटकांची छापील पुस्तकं पाहा, पदाच्या वर 'चाल' म्हणून कुठल्यातरी आधीच्या गाण्याचं नाव दिलेलं असतं. पुढे १९११ च्या 'मानापमान'साठी गोविंदराव टेंबे यांनी उत्तरेकडच्या ठुमरी-दादऱ्याचं वळण मराठी पदांत आणलं. आज त्याच पदांना आपण खानदानी म्हणतो. कोठीवरचं गाणं दोन पिढ्यांत दिवाणखान्यात येऊन बसलं आणि कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

आता आपल्या गावाकडे येते. मुक्तागिरीला जाण्यासाठी अमरावतीहून परतवाड्याच्या रस्त्याला लागलात की वलगाव लागतं आणि पेढी नदीचा पूल. गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीला नेत असताना या पुलाजवळच देह ठेवला. त्याआधी ८ नोव्हेंबरला मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात त्यांचं कीर्तन झालं होतं. त्याचं ध्वनिमुद्रण आहे, मिळालं तर जरूर ऐका. लोकांना प्रश्न विचारत, त्यांच्याच तोंडून उत्तर काढत, मध्येच सगळ्यांना एका साध्या धुनीत ओढून घेणारं ते कीर्तन. देवाच्या नावाने बकरं कापू नका, हे या माणसाने खेड्यापाड्यांत ज्या ताकदीने सांगितलं, तसं आपल्या किती व्याख्यानांनी सांगितलं? अहिंसा घराघरात पोचली ती वऱ्हाडी बोलीतून आणि कुणालाही म्हणता येईल अशा चालीतून.

तुकडोजी महाराजांची खंजिरीही आपल्याच जिल्ह्यातली. जन्म यावलीचा, १९०९ चा. आश्रम मोझरीला. त्यांच्या भजनांची पुस्तकं उघडा. भजनाच्या वर कंसात 'तर्ज' दिलेली असते, लोकांना आधीच ठाऊक असलेल्या गाण्याची. जैन साधूंचं 'ए देशी', नाटकाची 'चाल' आणि महाराजांची 'तर्ज', तिन्हींचा अर्थ एकच. तुला जे येतं, त्यावरच हे म्हण.

याच वर्षांत सरकारदरबारीही आपल्यासारखाच वाद चालू होता. १९५२ मध्ये डॉ. बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले. माणूस पुण्याचा आणि शास्त्रीय संगीताचा कैवारी. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? रेडिओचा काटा सिलोनकडे फिरवला आणि बिनाका गीतमाला ऐकली. शेवटी १९५७ मध्ये विविध भारती सुरू करून सरकारला ती गाणी परत आणावी लागली. पण त्याच आकाशवाणीच्या पुणे केंद्राने १९५५-५६ मध्ये गदिमा आणि सुधीर फडके यांचं 'गीतरामायण' दिलं. छप्पन्न गाणी, दर आठवड्याला नवं, आणि दोघंही सिनेमात काम करणारे! बंदीने जे साधलं नाही, ते चांगलं गाणं तयार करून साधलं.

आणि रवींद्र जैन यांना कसं विसरायचं? अलीगढच्या जैन घरात १९४४ साली जन्म, जन्मतः दृष्टी नाही. लहानपणी मंदिरात पदं-भजनं म्हणत गळा तयार झाला. तोच गळा 'चितचोर' आणि 'अंखियों के झरोखों से'च्या चाली घेऊन सिनेमात गेला. त्यांच्या एखाद्या गाण्याची चाल स्तवनाला लावली, तर ती मंदिरातून निघून मंदिरातच परत आली म्हणायची.

मग काहीही चालतं का? नाही. माझी स्वतःची कसोटी सांगते. चाल कुठून आली हे मी विचारत नाही. ती म्हणताना मन कुठे जातं, हे विचारते. मूळ गाण्याचे शब्द ऐन जोरात असतील, कालच्याच वरातीत त्यावर नाच झाला असेल, तर ती चाल पूजेत नको. ओठांवर महावीर आणि डोळ्यांपुढे नटी, असं होतं. दुसरं, शब्द चालीत मावले पाहिजेत. तीर्थंकरांचं नाव ओढून-ताणून तोडावं लागत असेल तर चाल बदला. तिसरं, वाद्यांच्या दणदणाटात शब्दच ऐकू येत नसतील तर ती करमणूक झाली.

या कसोटीवर मला आवडणारी गाणी मात्र सगळीकडची आहेत. सकाळी द्यानतराय, भूधरदासांची पदं. स्वयंपाक करताना कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं. दुपारी निवडण-टिपण करताना जुन्या मराठी सिनेमातली गाणी, त्यात लावणीही. ठेका ऐकून हात भराभर चालतो, यात लाज कसली? आजची रिमिक्स स्तवनं मला रुचत नाहीत, पण सुनेला रुचतात. तिच्या तोंडून एखादं धीम्या लयीत ऐकलं तेव्हा चाल गोड असल्याचं कळलं. गोंगाट वाद्यांचा होता.

शेवटी एक काम सांगते. माझ्या सासूबाईंची स्तवनांची वही आहे, शाईने लिहिलेली. प्रत्येक स्तवनावर 'चाल' म्हणून एका गाण्याचं नाव आहे. त्यातली निम्मी गाणी मला येतात, माझ्या मुलीला दोन-तीन. तिच्या मुलीच्या हाती नुसते शब्द येतील. देशींचं जे झालं तेच आपल्या डोळ्यांदेखत आपल्या वह्यांचं होतं आहे. तेव्हा यंदाच्या पर्युषणात, दशलक्षणात, घरातल्या मोठ्या बाईजवळ बसा. प्रत्येक स्तवनाची चाल तिच्याकडून म्हणून घ्या आणि मोबाइलवर मुद्रित करा. वहीत चालीचं नाव लिहा, सिनेमाचं असेल तर सिनेमाचं नावही बिनदिक्कत लिहा. समयसुंदर मुनींना संकोच वाटला नाही, आपल्याला का वाटावा?