पिस्तुलाचे वजन (स्पर्धात्मक नेमबाजी)

पिस्तुलाचे वजन : स्पर्धेच्या पिस्तुलाचे एकूण वजन आणि ते हाताच्या पुढे-मागे कसे विभागले आहे, या दोहोंचा एकत्रित विचार. नेम किती स्थिर राहतो, गोळी सुटल्यावर पिस्तूल किती उसळते, ट्रिगर ओढताना ते किती हलते आणि खांदा किती वेळ टिकतो, हे सारे त्यावर ठरते. नवशिका पिस्तूल घेताना बहुधा एकूण वजनाचा आकडा पाहतो. प्रत्यक्षात निकालावर जास्त परिणाम दुसऱ्या भागाचा, म्हणजे विभागणीचा होतो.

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांप्रमाणे १० मीटर एअर पिस्तुलाचे वजन १५०० ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. २५ मीटर अंतराच्या सर्व प्रकारांत ही मर्यादा १४०० ग्रॅम आहे. लावलेले सुटे भार धरून आणि २५ मीटरच्या पिस्तुलात रिकाम्या मॅगझिनसह हे वजन मोजतात. कमीत कमी वजनाची अट नाही. ट्रिगरचे वजन ही वेगळी बाब असून तेथे अट उलट, म्हणजे किमान वजनाची आहे : एअर पिस्तुलाला ५०० ग्रॅम, तर २५ मीटरच्या पिस्तुलाला १००० ग्रॅम. पिस्तूल मावले पाहिजे अशा पेटीची मापेही ठरलेली आहेत. एअर पिस्तुलासाठी ती ४२० × २०० × ५० मिमी. असून २५ मीटरसाठी ३०० × १५० × ५० मिमी. आहेत. त्यामुळे लांब दांडी लावून भार हवा तितका पुढे नेण्याची वाट आपोआप बंद होते. या सर्व प्रकारांत पिस्तूल एकाच हाताने, मनगटाला कसलाही आधार न देता धरावे लागते. वजनाचा प्रश्न इतका नाजूक होण्याचे मूळ याच अटीत आहे.

बाजारात मिळणारी चांगली एअर पिस्तुले, मग ती स्टायर, मोरिनी, वाल्थर, फाइनवेर्कबाऊ किंवा पार्दिनी यांपैकी कोणाचीही असोत, साधारण एक किलोच्या आसपास असतात. मर्यादेपासून ती बरीच लांब असतात. २५ मीटरला वापरली जाणारी ०.२२ इंची पिस्तुले त्याहून थोडी जड असतात. मर्यादा १५०० ग्रॅमची असताना कारखाने किलोजवळ का थांबतात, हे समजले की निवडीचे निम्मे काम होते.

जडपणाचे दोन फायदे सांगितले जातात. त्यांपैकी एक म्हणजे रिकॉइल, अर्थात मागे बसणारा धक्का कमी होणे. हा हिशेब सोपा आहे. एअर पिस्तुलाचा छर्रा सुमारे अर्ध्या ग्रॅमचा असतो आणि सेकंदाला साधारण १५० मीटर वेगाने सुटतो. ०.२२ ची गोळी २.६ ग्रॅमची असते आणि तिचा वेग सेकंदाला ३२० मीटरच्या आसपास असतो, म्हणजे तिचा संवेग छर्ऱ्याच्या दहापटींहून अधिक होतो. ८ ग्रॅमची ९ मिमी. गोळी ०.२२ च्याही जवळपास तिप्पट संवेग घेऊन निघते. तितकाच संवेग उलट दिशेने पिस्तुलाला मिळतो आणि पिस्तूल जितके जड तितका त्याचा मागे येण्याचा वेग कमी. यावरून दिसते, की एअर पिस्तुलात धक्का मुळातच नगण्य आहे आणि तो कमी करण्यासाठी वजन वाढवण्यात अर्थ नाही. बऱ्याच मॉडेलांत उरलासुरला धक्का शोषणारी यंत्रणाही असते. ०.२२ मध्ये वजनाचा उपयोग होतो, विशेषतः एकापाठोपाठ गोळ्या झाडताना.

दुसरा फायदा स्थिरतेचा. निरोगी माणसाचाही लांब केलेला हात सेकंदाला आठ ते बारा वेळा सूक्ष्म थरथरतो. वजन वाढले की जडत्व वाढते आणि ही थरथर नळीच्या तोंडापर्यंत कमी पोचते. दुकानात जड पिस्तूल हातात घेताच ‘हे किती स्थिर आहे’ असे वाटते ते यामुळेच. ते वाटणे खरेच असते, पण पहिल्या दहा-बारा सेकंदांपुरते. एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत ७५ मिनिटांत ६० गोळ्या झाडायच्या असतात. त्याआधीच्या सरावाच्या गोळ्या आणि नेम जमला नाही म्हणून खाली घेतलेले हात धरले, तर पिस्तूल उचलण्याचा आकडा शंभराच्या घरात सहज जातो. खांद्याचा स्नायू थकला की थरथरीचा पल्ला वाढतो आणि जडत्वाने मिळवलेले सारे त्यात निघून जाते. कारखाने किलोच्या आसपास थांबतात ते या कारणाने.

विभागणीचा प्रश्न याहून बारीक आहे. खांद्यावर येणारा भार वजन आणि खांद्यापासूनचे अंतर यांच्या गुणाकाराने ठरतो. पन्नास ग्रॅमचा भार मुठीखाली लावा किंवा नळीच्या टोकाला, खांद्याला पडणारा फरक मध्यम असतो. मनगटाचे गणित मात्र पूर्ण बदलते. मुठीजवळचा भार मनगटाला जवळजवळ जाणवत नाही. तोच २५ सेंमी. पुढे गेला, की मनगट सतत खाली ओढले जाते. हातोडी डोक्याजवळ धरली तर हलकी आणि दांड्याच्या टोकाला धरली तर जड लागते, तसेच हे आहे. पुढे झुकलेला तोल ट्रिगर ओढताना नळी बाजूला सरकू देत नाही. शिवाय मनगटाचे स्नायू एकाच दिशेने ताणलेले राहिल्याने मनगट ‘बंद’ म्हणजे ताठ करणे सोपे जाते. अति पुढे गेलेला तोल मात्र साइट खाली खेचतो आणि नेमबाज ती वर ओढत बसतो. म्हणून ज्याला पिस्तूल हलके वाटते त्याने आधी एकूण वजन न वाढवता आहे तोच भार पुढे सरकवून पाहावा. बहुतेक पिस्तुलांना नळीखाली भार अडकवण्याची सोय असते. एअर पिस्तुलात हवेचा सिलिंडर लांब घेतला की आखूड, यानेही तोल बदलतो.

२५ मीटरच्या रॅपिड फायर प्रकारात हा सारा विचार वेगळ्या दिशेने जातो. येथे ७५ सेंमी. अंतराने मांडलेल्या पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या ८, ६ आणि शेवटी ४ सेकंदांत झाडायच्या असतात. हात ४५ अंशांवरून वर येतो आणि मग आडवा सरकतो. फार हलके पिस्तूल लक्ष्यावर थांबताना डगमगते. फार जड पिस्तूल उशिरा निघते आणि थांबवायच्या जागेपुढे जाते. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकपर्यंत या प्रकारात कमी ताकदीची ०.२२ शॉर्ट गोळी चालत असे. तिचा धक्का इतका सौम्य होता, की पिस्तुलाच्या वजनाकडे उचल आणि सरक यांच्याच अंगाने पाहिले जाई. त्यानंतर नियम बदलून लाँग रायफल गोळी आणि हजार ग्रॅमचा ट्रिगर सक्तीचा झाला. आता तेच पिस्तूल धक्काही सांभाळते, म्हणून पिस्तुलाच्या आत टंगस्टनसारख्या जड धातूचे भार बसवण्याकडे कल दिसतो.

५० मीटर फ्री पिस्तूल हा याला मोठा अपवाद. त्यात पिस्तुलाच्या वजनावर मर्यादा नाही आणि ट्रिगरवरही नाही. इतकी मोकळीक असूनही कोणी तीन किलोचे पिस्तूल घेऊन उभे राहिले नाही. एका हाताची ताकद हीच मर्यादा ठरली. दक्षिण कोरियाच्या जिन जाँग-ओह याने २००८, २०१२ आणि २०१६ अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णपदके या प्रकारात जिंकली. भारताच्या जितू रायने २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत त्यातच सुवर्ण मिळवले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकनंतर हा प्रकार ऑलिंपिकमधून वगळला गेला.

ऑलिंपिकबाहेरच्या प्रॅक्टिकल नेमबाजीत पिस्तूल दोन्ही हातांनी धरतात, गोळी ९ मिमी. किंवा त्याहून मोठी असते आणि वेळही गुणात धरला जातो. तेथे जड पिस्तुलाची सरशी होते. सेवेसाठी बनवलेले ग्लॉक १७ रिकामे असताना सुमारे ६३० ग्रॅमचे असते, तर स्पर्धेसाठी घडवलेले सीझेड शॅडो २ सुमारे १.३ किलोचे, म्हणजे दुपटीहून जड. शिवाय ९ मिमी.चे एक काडतूस साधारण १२ ग्रॅमचे असल्याने दहा गोळ्या झाडल्यावर पिस्तूल सव्वाशे ग्रॅमच्या आसपास हलके झालेले असते. ऑलिंपिक प्रकारांत पाच बारीक काडतुसांचा असा फरक जाणवत नाही.

निवडीची रीत प्रशिक्षकागणिक थोडी बदलते, तरी काही गोष्टींवर एकमत आहे. आधी ग्रिप हाताला बसवून घ्यावी. सैल किंवा मोठी ग्रिप असेल तर योग्य वजनाचे पिस्तूलही जड भासते. वजनाच्या निम्म्या तक्रारी खरे तर ग्रिपच्या असतात. मग सुटे भार काढून, कारखान्याच्या वजनावर काही आठवडे सराव करावा. बदल करायचा तर एका वेळी वीस-तीस ग्रॅमचाच करावा आणि साइट पुन्हा जुळवून घ्यावी, कारण वजन बदलले की गोळी लागण्याची जागाही बदलते. निर्णय पहिल्या सिरीजवरून, म्हणजे पहिल्या दहा गोळ्यांवरून, घेऊ नये. पाचव्या आणि सहाव्या सिरीजमध्ये गोळ्या खाली उतरू लागल्या तर वजन किंवा पुढचा तोल जास्त आहे असे समजावे. वाढीच्या वयातल्या मुलांना आखूड, हलके मॉडेल द्यावे. मोठ्यांचे पिस्तूल हाती दिले, की मूल कंबर मागे झुकवून ते पेलते आणि ती सवय पुढे मोडत नाही.

भारतातील अनेक नेमबाज एअर पिस्तूल आणि २५ मीटर पिस्तूल अशा दोन वजनांमध्ये ये-जा करतात. मनू भाकर हिने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये एअर पिस्तुलात वैयक्तिक आणि सरबज्योत सिंगसह मिश्र सांघिक कांस्यपदक मिळवले आणि २५ मीटरमध्ये ती चौथी आली. कोल्हापूरची राही सरनोबत हिने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक पटकावले. दोन्ही प्रकार खेळणाऱ्याने दोन्ही पिस्तुलांचा तोल आणि ग्रिपचा कोन शक्य तितका सारखा ठेवावा, एकूण वजनातला फरक हात लवकर स्वीकारतो. ०.२२ पिस्तुलासाठी आपल्याकडे शस्त्रपरवाना लागतो आणि ते वारंवार बदलता येत नाही. म्हणून विकत घेण्यापूर्वी क्लबच्या पिस्तुलावर, प्रशिक्षकासमोर, पूर्ण ६० गोळ्यांची फेरी झाडून पाहावी.