पदवीनंतरची वाट

इ. स. १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाची रसायनशास्त्राची पदवी घेऊन कमला भागवत (पुढें सोहोनी) यांनीं बंगलोरच्या टाटा विज्ञानसंस्थेकडे अर्ज केला. वडील व चुलते तेथेंच शिकलेले. वाट घरचीच होती. परंतु संचालक सर चंद्रशेखर रामन यांनीं स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहींत. अखेर एक वर्षाच्या अजमावणीवर प्रवेश मिळाला, आणि त्यांचें काम पाहून ते दार इतर मुलींसहि उघडलें. दूध व कडधान्यें यांतील प्रथिनें हा त्यांचा विषय. १९३६ सालीं एम्. एस्सी. व १९३९ सालीं केंब्रिजची पीएच्. डी. संपादून कुन्नूरच्या आहार-प्रयोगशाळेंत व नंतर मुंबईच्या विज्ञानसंस्थेंत त्यांनीं काम केलें. तेथेंच त्या संचालक झाल्या. नोकरी हेरून विषय निवडणारे पुष्कळ. परंतु लोकांच्या अन्नाशीं निगडित विद्या निवडणारास काम शोधीत येतें, हेंच या चरित्रावरून दिसतें.