कऱ्हाकाठचा दोन रात्रींचा मुक्काम

दिवे घाट प्रत्येक वारकऱ्याला ठाऊक आहे, कारण तो पायांना ठाऊक आहे. घाट चढलो की सासवड, तिथं माउलींचा दोन रात्री मुक्काम. पण ज्या कऱ्हेच्या खोऱ्यात आपण हे दोन दिवस भाकर खातो, ते खोरं किती जणांनी बघितलंय? बहुतेक मंडळी पाय चोळत तंबूत पडून राहतात. म्हणून हे लिहिणं.

कऱ्हा म्हंजे कमंडलू. ब्रह्मदेवाचा कमंडलू अर्जुनानं लवंडला नि ही नदी झाली, असं जुनी माणसं सांगतात. पुरंदरच्या डोंगरात उगम पावून सासवड, मोरगाव, बारामतीवरून ती नीरेला मिळते. सासवडला संगमावर संगमेश्वराचं दगडी देऊळ आहे. घाटाच्या पायऱ्यांवर घटकाभर बसलं तरी चालीचा शीण उतरतो.

सासवड हे सोपानकाकांचं गाव. 1296 साली माउलींनी आळंदीला समाधी घेतली, अन् मागोमाग मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला धाकट्या भावानं इथं. थोरला भाऊ दरसाल धाकट्याच्या दारी मुक्कामाला येतो, असंच आम्ही कीर्तनात सांगतो. सोपानकाकांची पालखीही इथूनच पंढरीला निघते.

नैऋत्येला पुरंदर. 1657 साली संभाजी महाराज या गडावर जन्मले, नि 1665 साली मुरारबाजी देशपांडे मोगलांशी लढताना इथंच पडले. त्यानंतरच्या तहात 23 किल्ले द्यावे लागले. सोनोरीचा मल्हारगड त्यामानानं अगदी अलीकडचा, पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांनी 1757 ते 1760 दरम्यान बांधलेला. गड लहान, चढ सोपा. म्हाताऱ्यांनाही जमतो.

पण आम्ही शेतकरी, आमची नजर आधी पाण्याकडं जाते. खोरं पावसाच्या आडोशाला. अंजीर नि सीताफळ इथं गोड होतं ते मुरमाड, उतरत्या रानामुळं. तेच रान पाणी मात्र धरत नाही. सोमवतीला जेजुरीचा खंडोबा पालखीतून कऱ्हेवर स्नानाला येतो. नदी आटलेली असली तर देवाच्या आंघोळीचंही पाणी बाहेरून आणावं लागतं. जेजुरीजवळ नाझऱ्याचं धरण आहे, पण पाऊसच रुसला तर धरण तरी काय करील?

अन् नेमकं ज्येष्ठ वद्यात, मृगाचा भरवसा नसताना, लाखो माणसं इथं उतरतात. जी आयाबाया स्वतः टँकरची वाट बघतात, त्या रस्त्याला हंडा भरून ठेवतात अन् वर म्हणतात, "घ्या माउली, पोटभर प्या." आमच्या दिंडीत जुन्या विणेकरीबुवांचा दंडक होता, की सासवडात उष्टी भांडी नदीत बुडवायची नाहीत, राखेनं घासून पंचानं पुसायची. आता भांड्यांच्या जागी कागदी पत्रावळ्या नि प्लास्टिकचे पेले आले, ते वाऱ्यानं थेट संगमावर जातात. गेल्या काही वर्षांपासून दुसऱ्या दिवशी काकड्यानंतर आमची तरणी पोरं पोती घेऊन घाटावर उतरतात. इतर फडांचीही चार-दोन पोरं येऊन मिळतात. पोती दोन तासांत भरतात.