चढ-उतार, चाकखुर्चीवरील

हाताने चालवायची चाकखुर्ची उतरत्या पृष्ठावरून नेताना शरीरावर पडणारा भार. सपाट, टणक फरशीवर फक्त चाकांचा रोध मोडावा लागतो. चढावर गुरुत्वाकर्षण त्यात मिसळते आणि थोड्याशा चढावरही तेच वरचढ ठरते.

बल : माणूस ६२ किग्रॅ. आणि खुर्ची १८ किग्रॅ. धरल्यास १:२० चढावर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सु. ३९ न्यूटन, १:१२ वर सु. ६५ न्यूटन बल लागते. गुळगुळीत सपाटीवरचा रोध साधारण १० न्यूटन. शिवाय चढावर बल सतत हवे असते, हात मात्र कडीवर (चाकाला जोडलेले, हाताने ढकलायचे वळे) सतत नसतात. रेटा संपवून हात मागे नेईपर्यंत खुर्ची मंदावते, कधी मागे घसरते. म्हणून रेटे आखूड आणि घाईचे होतात, अन् प्रत्येक रेट्यात वरच्या आकड्यांहून बरेच अधिक बल ओतावे लागते. कडीचा व्यास चाकाहून लहान, तेवढी आणखी भर. उतार सौम्य केल्याने चढण्याचे काम घटत नाही, ते लांबवर वाटले जाते. थकलेल्या हातांना हा फरक पुरेसा असतो.

खांदा : मांड्या-पोटऱ्यांचे काम येथे छाती, दंड व खांद्याच्या पुढच्या स्नायूंवर येते. खांद्याची उखळ उथळ. तो सांधा हात सर्व बाजूंना फिरावा यासाठी घडला आहे, रोज शेकडो वेळा भार रेटण्यासाठी नाही. वर्षानुवर्षांच्या वापराने खांदेदुखी व मनगटातील नस दबणे या तक्रारी नेहमीच्या.

तोल : चढावर धड पुढे झुकवावे लागते, नाहीतर जोरदार रेट्याने पुढची लहान चाके उचलली जातात. पाठीमागे टांगलेली जड पिशवी हा धोका वाढवते. आडव्या उतारावर खुर्ची खालच्या बाजूला वळू पाहते.

उतरण : कडी तळव्यांत घसरू देत वेग आवरतात, तळवे पोळतात. चामडी हातमोजे वापरतात.

प्रमाण : १:१२ हा कमाल उतार १९६१ च्या अमेरिकन मानकात आला, भारतीय मार्गदर्शक तत्त्वांतही तोच आहे. तो सर्वांना पेलतो का, यावर मतभेद आहेत. १५ सेंमी.च्या तीन पायऱ्यांसाठी ५.४ मी. लांबी हवी. दीड मीटरात बसवलेला उतार सु. १:३ होतो, त्यावर वरील ८० किग्रॅ.ना २२५ न्यूटन लागतात. असे उतार तपासणीच्या कागदावर ‘सोय उपलब्ध’ म्हणून मोजले जातात.

सोबती : तीव्र उतारावर खुर्ची उलटी फिरवून, स्वतः खालच्या बाजूला राहून उतरवतो.