करिबेवु आणि कढीलिंब

म्हैसूरच्या पश्चिमेस बोगादीला बदलून आलेल्या आम्हां मराठी मंडळींस बाजारात पहिला भेटणारा जुना परिचित म्हणजे कढीलिंब. येथे त्याचे नाव ‘करिबेवु’, अर्थात काळा कडुलिंब. वस्तुतः त्याचे कूळ लिंबू-संत्र्याचे. तरी पानांच्या साम्यावरून दोन्ही भाषांनी त्यास कडुलिंबाच्या गोतात बसविले.

१७७१ साली लिनियसने या वृक्षाच्या शास्त्रीय नावात तरंगंबाडीस राहिलेल्या योहान कोनिग या वैद्याचे नाव गुंफले. पिढ्यान्‌पिढ्या हा पाला वापरणाऱ्या गृहिणी मात्र अनामिकच राहिल्या. अतिसारावर ओली पाने, ओकारीवर भाजलेल्या पानांचा काढा, पुटकुळ्यांवर ठेचलेला पाला, ही त्यांची परंपरा.

पुढे १९६५ साली डी. पी. चक्रवर्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी या वृक्षातील ‘मुरायानीन’ या द्रव्याची रासायनिक रचना प्रसिद्ध केली. तेवढ्याने घरचा काढा सिद्ध झाला नाही. पण या पाल्याकडे प्रयोगशाळेचे लक्ष वळले, हे खरे.

परप्रांतात वाढणारी आपली मुले फोडणीतले हे पान ताटाच्या कडेला सारतात. त्यांस त्याची दोन्ही नावे आणि हा इतिहास आपण सांगितला नाही, तर दुसरे कोण सांगणार?